दोन गुणांनी हुकले

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या एका मुलीने मला मोबाइलवर एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, "मॅडम, रागावू नका, पण हे वाचताना सारख्या तुम्हीच डोळ्यांपुढे येत होतात." उघडून पाहिलं तर प्रश्नावली. आपण स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहोत की काय याचा घरबसल्या अंदाज घ्यायचा, आणि शेवटी गुण मिळवायचे. रागवायचं कशाला? पेपर म्हटला की मला लहानपणापासून आनंदाच्या उकळ्या फुटतात.

चार दिवसांत मी अशा सात प्रश्नावल्या सोडवल्या. पन्नाशी उलटलेली बाई, परभणीत जमीन मोजणीच्या ऑफिसात नकाशे काढणारी, दुपारचा डबा पुढ्यात तसाच, आणि मी मान खाली घालून टिचक्या मारतेय. काही प्रश्न आमच्याकडच्या माणसांसाठी काढलेलेच नव्हते. "विमानतळावरच्या घोषणांचा तुम्हाला त्रास होतो का?" मी विमानतळ पाहिलेला नाही, पण एसटी स्टँडवरच्या घोषणांचा होतो, म्हणून होय. "गप्पांमध्ये आपली बोलायची पाळी आली हे तुम्हाला कळतं का?" गप्पांमध्ये पाळ्या असतात हेच मला त्या दिवशी कळलं. "एखाद्या विषयात तहानभूक विसरून तासन्‌तास रमता का?" या प्रश्नाशी आले तेव्हा डब्यातली भाकरी वाळून कडक झाली होती. मी एकटीच फिस्सकन हसले, आणि शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

पण गंमत अशी की सातही वेळा मी नापास. तेही थोडक्यात, काठावर. शेवटच्या प्रश्नावलीत तर फक्त दोन गुणांनी हुकले. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की हे निदान नाही, शंका असेल तर तज्ज्ञांना भेटा. ते मला मान्य होतं. पण ते दोन गुण काही डोक्यातून जाईनात.

मला पास व्हायचं होतं, आणि का व्हायचं होतं ते सांगते. जन्मभर माझ्याबद्दल एकच वाक्य बोललं गेलं आहे: ही मुद्दाम करते. मावसबहिणीच्या लग्नात नवरदेवाच्या आत्याने विचारलं, "कसं झालंय जेवण?" मी सांगितलं, भात कच्चा आहे. मुद्दाम. साहेब म्हणाले, "जमलं तर उद्यापर्यंत बघा." मला जमलं नाही, म्हणून मी बघितलं नाही. मुद्दाम. मी काही मुद्दाम करत नाही हे मला माहीत होतं, पण माझ्या बाजूने साक्ष द्यायला कुणी नव्हतं. ही प्रश्नावली देईल असं वाटलं, तर तिने दोन गुण कमी दिले.

हुकण्याचं कारण होतं बोरी. प्रत्येक प्रश्नावलीत एक भाग लहानपणाचा असतो. "लहानपणी लोकांच्या बोलण्याचा खरा अर्थ कळायला तुम्हाला अडचण यायची का?" मी दर वेळी ठामपणे लिहायचे: कधीच नाही. कारण माझं लहानपण जिंतूर तालुक्यातल्या बोरीत गेलं, आणि बोरीची माणसं जगातली सगळ्यांत सरळ बोलणारी माणसं आहेत, असा माझा सिद्धान्त होता.

माझे वडील शाळामास्तर. बदली होऊन आम्ही बोरीला गेलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा धुमसत होता ती वर्षं. मधेच बंद व्हायचा, एसटी जिंतूरलाच थांबायची, मोठी माणसं दबक्या आवाजात बोलायची, आणि नवीन आलेल्या मास्तरच्या घराकडे सगळा गाव बारकाईने बघायचा. अशात तिसऱ्याच आठवड्यात मी प्रताप केला.

आमच्या भागात एक रीत आहे. आपण जेवायला बसलेलो असताना दारावरून कुणी गेलं की आतून हाक द्यायची, "या जेवायला." जाणाऱ्याने पाय न थांबवता म्हणायचं, "होऊ द्या तुमचं." एवढंच. ना बोलावणाऱ्याला तो यावा असं वाटत असतं, ना जाणाऱ्याला आत यायचं असतं, आणि दोघंही खूश असतात. यातला पहिला अर्धाच भाग मला कळत होता.

दिवेलागणीला आईने मला वाटी देऊन गल्लीच्या टोकाच्या घरी विरजण आणायला पाठवलं. पहिल्याच दारातून हाक आली, "ये गं बाई जेवाया." मी चप्पल काढली, पाय धुतले आणि जाऊन बसले. बाई क्षणभर थबकल्या, मग त्यांनी ताट घेतलं. येसराची आमटी होती. तिथून उठले, तर दुसऱ्या दारातून हाक. तिथे पिठलं. तिसऱ्या दारी वांग्याची भाजी. चौथ्या घरात एक म्हातारी एकटीच जेवत होती, तिने आपल्यातली अर्धी भाकरी मोडून दिली. विरजण राहिलं बाजूला, मी रिकामी वाटी आणि तुडुंब पोट घेऊन घरी आले. आईने विचारलं, एवढा वेळ कुठे होतीस? मी म्हणाले, बोलावलं होतं.

आईला वाटलं, एका घरी कुणी प्रेमाने बसवून घेतलं असेल. मला मात्र गाव फार आवडलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच वेळेला बाहेर पडले. पुन्हा हाका, पुन्हा मी हजर. आठ दिवस हे चाललं. माझे आवडीनिवडीचे क्रमही लागले. पिठल्याच्या घरी काकूंनी विचारलं, "कसं झालंय गं?" मी सांगितलं, "कालच्यापेक्षा मीठ जास्त आहे." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग विहिरीवर कुजबुज सुरू झाली की मास्तरच्या घरी पोरीला पोटभर मिळत नाही की काय.

ही कुजबुज आईच्या कानावर गेली हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की नवव्या दिवसापासून गल्लीची बोलण्याची तऱ्हाच बदलली. पहिल्या दारातून हाक आली, "आमी जेवायलोत गं. तू आता घरी जा." दुसऱ्या दारात, "आज तुझ्यासाठी बी वाढलंय, बस." वांग्याच्या भाजीवाल्या काकू तर एकदा म्हणाल्या, "आज माझं डोकं लय दुखायलंय, मला बोलू नको, नुसती बस." मी नुसती बसले. दोघींचाही वेळ चांगला गेला. पिठाच्या गिरणीवाला सांगायचा, "तुझा नंबर पाच जणींच्या नंतर हाय, तवर तिकडं लांब बस, इथं आवाज लय हाय." शिंपीणकाकूंनी माझ्या झग्याची शिवण उलटी, बाहेरून घातली, आणि जन्मात पहिल्यांदा मला कपडा टोचला नाही. आम्ही तिथे सहा वर्षं होतो. सहा वर्षांत मला कुणाच्या बोलण्याचा अर्थ लावत बसावं लागलं नाही.

मग मी कॉलेजला परभणीला आले आणि माझे हाल सुरू झाले. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, "ये ना कधी आमच्या सोनपेठला, राहायलाच ये." मी पुढच्या शनिवारी पिशवी भरली, एसटी पकडली आणि तिच्या दारात उभी राहिले. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी ज्याला त्याला ऐकवत आले की बोरीची माणसं सरळ आणि बाकी सगळं जग वाकडं. ऑफिसात माझ्या या भाषणाला लोक कंटाळलेले आहेत, असं त्या नव्या मुलीनेच मला सांगितलं. तिचं मला कौतुक वाटतं.

आठवी प्रश्नावली मोठी होती. तिच्यात एक भाग तुम्ही दहा वर्षांचे व्हायच्या आधीपासून तुम्हाला ओळखणाऱ्या माणसाने भरायचा होता. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. उरली आई. ती माझ्याजवळच असते, ऐंशी ओलांडली आहे, गुडघे गेले आहेत, पण कान आणि तोंड शाबूत. रविवारी दुपारी ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी मोबाइल घेऊन तिच्यासमोर बैठक मारली. मला इतकी हुरहुर लागली होती की दहावीच्या निकालालाही लागली नसेल.

"आजार हाय का गं?" तिने पहिल्यांदा विचारलं.

"आजार नाही आई, घडण असते एकेकाची."

"मग डाक्टर कशाला इचारायलाय?"

"डॉक्टर नाही, मोबाइल विचारतोय."

"मोबाइलला काय करायचंय तुझं?" असं म्हणून तिने एक जुडी सोडली. "हं, वाच."

"तुमचं मूल इतर मुलांमध्ये मिसळायचं का?"

"मिसळायचीस की. ती पोरं खेळायची, तू लिंबाखाली बसायचीस."

"याला मिसळणं म्हणतात का?"

"एकाच मैदानात होतात की समदे."

मला हसू आवरेना. तीही हसायला लागली. पुढच्या प्रश्नाला मी आपणच उत्तर देऊन टाकलं. "मुलाला इतरांचं बोलणं शब्दशः घ्यायची सवय होती का? इथे 'नाही' लिहिते आई. बोरीत मला कधी अडचण आली नाही."

आईचा हात मेथीत थांबला. "न्हाई कसं? मग मी काय उगंच गल्लीभर फिरले का?"

मी मोबाइल खाली ठेवला. विहिरीवरची कुजबुज ऐकल्यावर तिने काय केलं ते तिने मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. शुक्रवारी ती कुंकवाचा करंडा घेऊन हळदीकुंकवाच्या निमित्ताने बाहेर पडली. प्रत्येक घरात जाऊन तिथल्या बाईला कुंकू लावलं आणि सांगितलं, "माझी लेक तुमी म्हणताव तेवढंच ऐकती. मागचं-पुढचं तिला कळत न्हाई. तिला ये म्हणायचं असंल तर ताट वाढा, न्हाईतर सरळ म्हणा, घरी जा. तिला राग येत न्हाई." गिरणीत गेली, शिंपिणीकडे गेली, म्हातारीकडे तर दोनदा गेली, कारण पहिल्यांदा तिला ऐकूच आलं नव्हतं.

"बाबांना माहीत होतं?"

"छे. त्यायला सांगितलं असतं तर त्यायनी तुला शिकवायला बसवलं असतं. तू रडली असतीस."

चाळीस वर्षांचा माझा सिद्धान्त मेथीच्या देठांबरोबर पसरून पडला. बोरीची माणसं सरळ नव्हतीच, चारचौघांसारखीच होती. माझ्यापुरती ती सहा वर्षं सरळ बोलत राहिली, कारण नव्या गावातली एक नवी बाई, जिच्याकडे आधीच सगळ्यांचे डोळे लागले होते, ती लाज बाजूला ठेवून दारोदार सांगून आली होती. मी खो खो हसत सुटले, आणि हसता हसता रडायला लागले, आणि माझं मलाच कळेना की यातलं नेमकं काय चाललंय. आईने पदराने माझं नाक पुसलं, नऊ वर्षांची असल्यासारखं.

मग मी मोबाइल उचलला आणि 'नाही' खोडून 'नेहमी' केलं. मागे जाऊन बोरीची बाकीची उत्तरंही दुरुस्त केली. निकालाचं बटण दाबलं. या वेळी गुण रेषेच्या चांगलेच वर गेले. तज्ज्ञांना भेटा, असं खाली होतंच, आणि मी भेटणार होतेच. पण मला जी साक्ष हवी होती ती समोर मेथी निवडत बसली होती.

"पास का?" आईने विचारलं.

"पास!" मी टाळ्याच वाजवल्या.

"मंग आता हापिसात जाऊन सांग समद्यायला. मी सांगितलं होतं तसंच सांग, म्हणावं मला सरळ बोला, मला राग येत न्हाई. तवा माझे पाय चालत होते. आता तुझी तुलाच फिरावं लागंल."

माझ्या डोळ्यांपुढे आले शेजारच्या टेबलावरचे साहेब, त्यांचा चष्मा, ते "जमलं तर बघा". मी म्हणाले, "आई, आणि त्यांनी नाही ऐकलं तर?"

"न्हाई तर न्हाई," ती मेथीची टोपली माझ्या मांडीवर सरकवत म्हणाली. "बोरीत बी दोघींनी ऐकलं न्हाई. नुसतंच ये-ये म्हणत राहिल्या. तू त्यायच्या घरी पोटभर जेवलीस की."