पहिल्या बोटाची कळ मधल्या बोटात

होळी नुकतीच झाली होती. चोपड्याजवळच्या आमच्या मळ्यात केळीची वाळकी पानं कापताना विळा निसटला आणि माझ्या उजव्या मनगटात शिरला. धुळ्याच्या डॉक्टरांनी तुटलेली नस भिंगाखाली शिवली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र मेल्यासारखी राहिली. तव्याला बोट लागलं तर कातडी जळल्याच्या वासानेच कळायचं.

कापूस वेचण्यात मी गावात पुढे. जाऊबाई म्हणाली, "तू आते बांधवर बस, आमले पानी पाज." तिचं खरं होईल याचीच मला धास्ती होती.

मुलगी तेव्हा जळगावला बारावी सायन्सला होती. सुट्टीत आली आणि माझा हात धरून बसली. "माय, तुझ्या बोटाची पेशी मानेजवळ असते."

"बोट आठे आनि पेशी मानमा? येडी शे का?"

"पेशीचं पोट तिथं. त्यातून केसाहून बारीक धागा निघतो तो थेट बोटाच्या टोकाला. टोचलं की त्या टोकातून मिठाचे कण आत घुसतात, विजेसारखा झटका उठतो. तो पुढच्या तुकड्याला उठवतो, तो त्याच्या पुढच्याला. धाग्यावर चरबीचं वेष्टण असतं, मधेमधे उघड्या जागा. झटका त्या जागांवरून उड्या मारत पळतो. पुढच्या पेशीआधी फट असते. तिथं रसाचा थेंब सुटतो आणि पलीकडची पेशी जागी होते."

मी चौथी पास. पण हे ऐकून मी भाकरी थापायची विसरले. चाळिशी उलटली, माझ्याच हातात एवढी धावपळ चाललेली आणि मला पत्ता नाही!

"मंग मना धागा तं तुटेल शे."

"तुटल्याखालचा मरतो, पण त्याच्याभोवतीची नळी राहते. वरून नवा त्या नळीत वाढत येतो. थांब, बघू."

तिने मनगटावर टिचक्या मारल्या. काही नाही. थोडं खाली मारली आणि मेल्या बोटांत मुंग्या सळसळल्या. मी किंचाळलेच. तिथं तिने बॉलपेनने ठिपका काढला. "धागा इथवर पोचला!"

मग मला नादच लागला. भांडी घासताना, शेण काढताना, मी टिचक्या मारायची. ठिपका तळहातावर आला, बोटाच्या मुळाशी आला. जाऊ म्हणायची, "हात शे का ढोलकी?"

दिवाळीच्या वेचणीला मी बांधावर बसले नाही. पहिल्याच झाडाला हात घातला आणि वाळक्या बोंडाचं टोक कचकन लागलं.

"टोचनं! माले टोचनं!"

जाऊ धावत आली. "साप चावना का वं?"

"बोंड टोचनं!"

"मंग त्यामा बोंबलनं काय?"

दिवाळीच्या सुट्टीत आलेली मुलगी हसत होती, डोळे पुसत होती. "कुठं कळलं, माय?"

मी हात पाहिला. बोंड अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाला लागलं होतं, कळ मधल्या बोटात आली होती.

"धागा चुकीच्या नळीत शिरला असेल," ती म्हणाली.

"शिरू दे," मी म्हटलं आणि पुढचं बोंड धरलं.