खोक्यावरची बारीक अक्षरं

पोलीस भरतीच्या सरावात माझा गोळा तीन महिने पाच मीटरपुढे जात नव्हता. माझ्या जोडीच्या ताईचाही नाही. एका संध्याकाळी सरांनी आम्हा दोघींना मैदानाच्या कडेला बोलावलं.

"ताकदीचं इंजेक्शन हाय. पंधरा दिवसांत फरक बघा."

"सर, मला गोळ्यापेक्षा सुई जड जाती," म्हणत ताईने हसून बाही वर केली.

मी खोका उचलला. बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, स्टेरॉइड, फक्त जनावरांसाठी. ताईला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"काय वाचताय एवढं, इंग्लिश मीडियम?" सर माझ्याकडे रोखून बघत होते.

"काही नाही," म्हणून मी खोका ठेवला आणि पोटदुखीचं निमित्त करून घरी आले.

महिन्याभरात ताईचा गोळा सहा मीटरवर पडला. तिने आनंदाने मला हाक मारली, तेव्हा कोणीतरी पुरुषच बोलावतोय असं मला वाटलं.