अहरोनाचं तेल नाकारणारे मॅक्सिम अंकल

आखातातल्या मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, सादिकच्या अत्तराच्या दुकानात मॅक्सिम अंकल बावीस वर्षं अत्तरं बनवत होते. गिऱ्हाईक आलं की आवाज एकदम मध, तोही अरबी: "तफद्दल, तफद्दल!" आणि आमच्या चर्चमधल्या वसईकरांपैकी कुणी दिसलं की थेट वसई: "काय गो, आयशीन काय रांधलं?" मधे श्वाससुद्धा नाही. बाटली उघडायची, डोळे मिटायचे, नाक आत ओढायचं आणि निकाल द्यायचा, "अजून चार दिवस मुरू दे." ही नक्कल मी चर्चच्या पार्किंगमध्ये फर्माईशीवर करायचे.

२०१४ साली चर्चमधल्या कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाचं नाटक ठरलं. मोशे आपल्या भावाला, अहरोनाला याजक करतो. आधी आंघोळ, नवी वस्त्रं, डोक्यावर तेल. मग मेंढ्याचं रक्त उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला. रक्ताच्या जागी बीटचा रस चालणार होता, पण नाटक बसवणाऱ्या इरीन आंटींना तेल अस्सल हवं होतं. बायबलात कृतीच दिलीय: गंधरस, दालचिनी, तज, जैतुनाचं तेल वगैरे. शिवाय अत्तरवाला घरचा.

अंकल नाही म्हणाले. पुढची ओळ वाचा म्हणे, असं तेल जो कुणी स्वतः बनवील त्याला आपल्या लोकांतून तोडून टाकावं.

आंटींना वाटलं, गेल्या वर्षीच्या नाटकात त्यांना मोशेचा रोल दिला नाही, त्याचा राग. मला ते पटेना. फादरांचं प्रवचन सुरू झालं की ह्या माणसाची मान छातीवर पडते, त्याला एवढं शास्त्र कधी सुचलं?

नक्कल पक्की करायची म्हणून मी दुकानात जाऊन नीट बघितलं. बाटली आधी गिऱ्हाइकाच्या नाकाशी जायची. अंकल त्याचा चेहरा बघायचे. डोळे मिटणं, नाक ओढणं, सगळं त्यानंतर.

मी हे आंटींना सांगितलं. सांगायला नको होतं. अत्तरवाल्याचं नाक गेलं म्हणजे नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसा, आणि वसईला त्यांच्या लेकीचं, कॅन्डिसचं नर्सिंगचं तिसरं वर्ष चालू होतं. हे मला माहीत होतं, तरी सांगितलं.

शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर आंटी मला घेऊन थेट दुकानात. तेल मीच केलंय, फक्त बरोबर जमलंय का सांगा, असं म्हणत त्यांनी पर्समधून बाटली काढली. अंकलनी ती आधी आंटींच्या नाकाशी धरली. आंटींनी चेहरा दगडासारखा ठेवला. मग माझ्या नाकाशी. मीही दगड. अंकलनी डोळे मिटले, नाक ओढलं. निकाल येईना. तेवढ्यात गल्ल्यामागे बसलेल्या सादिकने नाक मुरडलं आणि अंकलना ते दिसलं.

तेल बिघडलंय म्हणून ते सहज हसण्यावारी नेऊ शकले असते. त्यांनी बाटली खाली ठेवली आणि मालकाकडे वळले.

"अर्बाब, मेरे को दो साल से बास नहीं आता."

मग दोन वर्षं अत्तरं कुणी बनवली, सादिकने विचारलं. हातांनी, अंकल म्हणाले. थेंब पाठ आहेत, वजन पाठ आहे. हे बायबलातलं तेल मात्र आयुष्यात कधी हुंगलेलं नव्हतं, ते हात कसे बनवणार?

सादिकने गल्ल्याचा खण लावला. मग म्हणाला, उद्यापासून मिश्रणाच्या टेबलावर यूनुस बसेल. यूनुस म्हणजे शेजारच्या लोबानवाल्याचा भाचा. मॅक्सिमने पुढे बसून विकायचं. चेहरे वाचता येतात ना, तेवढं पुरे. खलास.

म्हणजे व्हिसा राहिला, टेबल गेलं. अंकलनी मान हलवली. टेबलावरचे चिमुकले मोजपेले एकेक करून पुसले आणि यूनुससाठी ओळीने मांडून ठेवले. आंटी हळू आवाजात सॉरी, सॉरी करत होत्या.

"ते ऱ्हावदे," अंकल म्हणाले. "बाटलीत काय होतं ते सांग."

"लसणाची फोडणी," आंटी म्हणाल्या.

अंकलनी बाटली पुन्हा नाकाशी नेली, ह्या वेळी डोळे उघडे, आंटींच्या चेहऱ्यावर ठेवून.

"करपलेली काय गो?"