बैठका मारून बैठकीत

माझं लग्न जमलं ते माझ्या मांड्या दुखत होत्या म्हणून.

तेव्हा मी सौंसरला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. अंगानं इतका बारीक, की फळ्यापुढं उभा राहिलो तरी पोरं आरामात मागचं वाचत. राज्यांची नवी वाटणी होत होती; आपला तालुका आता भोपाळकडे जाणार का मुंबईकडे, यावर चौकात रोज भांडणं चालायची. अशात पांढुर्ण्याच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलीचं स्थळ आलं. मध्यस्थ म्हणाला, "बाकी सगळं ठीक आहे जी, पण बापाले कुस्तीचा भारी नाद. पोरगा थोडा भरलेला दिसला पाहिजे."

हाती आठवडा होता. माझा थोरला भाऊ आखाड्यात जायचा. त्यानं एक जड मुद्गल माझ्यापुढं ठेवला.

"चार-पाच वेळा फिरव, दम घे, पुन्हा चार-पाच. ताकद अशीच येते."

मामा बाजूलाच अंगाला तेल चोळत होते. "ताकद कोन पाहून राहिला? पोरीवाले अंग पाहतात. वजन हलकं घे, पण भरपूर कर. बैठका मार बैठका."

"मग दोघांच्या मधलं काही करू का?" मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तालुका अर्धा-अर्धा वाटून घ्या म्हणालो.

आठवडा त्यांच्या वादातच गेला. शेवटी शनिवारी, कोणी नाराज नको म्हणून, मी दोन्ही केलं. सकाळी दादाचा मुद्गल, संध्याकाळी मामांच्या बैठका. मोजायला मामाच होते. (मध्येच कोणी बोलायला आलं की त्यांचा आकडा चुकायचा, आणि मोजणी पुन्हा एकपासून.)

रविवारी सकाळी माझे पाय माझे राहिले नव्हते. दादानं आणि मामांनी मला कापसाच्या गाठोड्यासारखं उचलून पांढुर्ण्याच्या मोटारीत टाकलं.

पांढुर्ण्याला मुलीच्या आजोबांच्या पाया पडायला वाकलो आणि अर्ध्यातच अडकलो. आजोबा जमिनीकडे पाहत म्हणाले, "काय हरवलं जी?"

बैठकीत गादीवर मी बसलो, म्हणजे पडलोच. मुलीनं चहा आणला. माझा हात छातीपर्यंत यायचा आणि थांबायचा. मग मीच मान खाली घालून कपाकडे गेलो. ती दाराआडून पाहत होती.

मुलीचे वडील पुढं सरकले. "गुरुजी, आमची एकुलती पोरगी आहे. उद्या राज्य बदललं, तर तुम्ही नोकरीसाठी तिले घेऊन दूर निघून जाल का?"

"काका, मी इथून हलूच शकत नाही," मी खरं तेच सांगितलं.

त्यांचे डोळे भरून आले. "असाच माणूस पाहिजे होता," ते आजोबांना म्हणाले.

निघायची वेळ झाली. दादा उठला, मामा उठले. मी बसलेलोच.

"बसू द्या न, घाई काय आहे," मुलीची आई म्हणाली. दुसरा चहा आला. मग तिसरा आला. तोवर सौंसरची शेवटची मोटार निघून गेली.

मामा कानाशी कुजबुजले, "ऊठ न बाप्पा."

"उठता येऊन नाही राहिलं."

दाराआडून मुलगी बाहेर आली. माझ्याशी ती पहिल्यांदाच बोलली. "बैठका मारल्या का जी?"

"हो."

"किती?"

"मामांना विचारा. मोजत ते होते."

मामा छताकडे पाहू लागले. ती आत जाऊन कोमट तेलाची वाटी घेऊन आली आणि दादाच्या हातात दिली. त्या रात्री आम्ही तिघं तिथंच मुक्कामाला राहिलो, आणि घरात पाहुणे राहिलेच आहेत म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारी फुटली.

पुढं तालुका भोपाळकडे गेला आणि मी सौंसरातच राहिलो. सासरे सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, की जावई शब्दाचा पक्का निघाला.

एकदा मी बायकोला लाडात येऊन विचारलं, "त्या दिवशी माझ्यात काय पाहून होकार दिला होता?"

ती तांदूळ निवडत म्हणाली, "होकार कुठं दिला होता जी? तुम्ही त उठलेच नाही."