सुरात आणलेला आवाज

मानसीला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा, मी हे कधी सांगितलेलं नाही. आत्ता लिहितानाही दार लावून घेतलंय, कारण बाबा बाहेर हॉलमध्ये बसलेत. मी त्यांना घाबरतो का? त्यांना नाही — त्यांनी एखादा साधा प्रश्न विचारला तर, त्या प्रश्नाला घाबरतो.

माझे वडील जहाजावर इंजिनियर होते. तिथे कुणाच्या तरी कॅसेट ऐकून त्यांना कंट्री म्युझिकचं वेड लागलं — अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली ती गिटारवरची गाणी, लांबच लांब रस्त्यांची, मागे राहिलेल्या घरांची. त्याच ढंगात बाबांनी मराठीत गाणी रचली. इंजिनरूमची, बंदरांची, महिनोन्‌महिने न भेटणाऱ्या बायकोची. आई गेल्यावर ते इकडे परदेशात, आमच्याकडे हौगांगला राहायला आले, ते गिटार घेऊनच. शेजारचे चिनी अंकल त्यांना 'काउबॉय' म्हणायचे.

त्यांच्या सत्तरीला अल्बम करायचा, ही कल्पना माझी. मी आयटीतला माणूस, रेकॉर्डिंग हौसेपुरतं येतं. बेडरूममध्ये कपाटांच्या दारांवर रजया टांगल्या. आवाज नको म्हणून एसी बंद, पंखा बंद. बाबा घामाने निथळत, डोळे मिटून गायचे. आणि मी हेडफोन लावून ऐकायचो तेव्हा — कसं सांगू? — आवाज हलत होता. वरचा सूर लागतच नव्हता. श्वास मध्येच तुटायचा. त्यांना ते कळत नव्हतं. गाऊन झालं की विचारायचे, "बरं झालं ना रे?"

तेव्हाच सांगायला काय हरकत होती? खालच्या पट्टीत गाऊ या, एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मस्त झालं, बाबा." आणि ते फिरायला गेले की कॉम्प्युटरवर एकेक सूर ओढून जागेवर बसवला. थरथर पुसली. तुटलेले श्वास जोडले. शेवटी जे तयार झालं ते पन्नाशीतल्या माणसाचं गाणं होतं. बाबांनी ते ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. आता मागे कसं फिरणार?

अल्बम लोकांना आवडला. खरंच आवडला. इथली मराठी मंडळी एकमेकांना पाठवू लागली, पुण्याहून नातेवाइकांचे फोन आले. या वयात हा आवाज — प्रत्येकाचं हेच. बाबा खूश होते आणि मी प्रत्येक कौतुकाला दचकत होतो. मग जवळच्या बिशान भागातल्या एका ओळखीच्या कुटुंबाने त्यांच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, हॉलमध्ये बाबांचा कार्यक्रम ठरवला. प्रत्यक्ष गाण्याचा. काहीतरी व्हावं आणि तो रद्द व्हावा, म्हणून मी वाट बघत राहिलो. काही झालं नाही.

पहिल्याच गाण्यात वरचा सूर फाटला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण पाहायचं टाळताहेत हे दिसत होतं. बाबा थांबले, पाणी प्यायले, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा फाटला. त्यांनी गिटार खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर लाज नव्हती — भीती होती.

टॅक्सीत त्यांनी विचारलं, "रेकॉर्डिंगमध्ये तर लागत होता ना रे?"

"लागत होता," मी म्हणालो. "आज घसा बसला असेल."

आठवडे गेले, तरी घसा सुटेना. कसा सुटणार? तो बसलाच नव्हता. बाबांच्या जहाजावरच्या एका मित्राला घशाचा कॅन्सर झाला होता आणि त्याचीही सुरुवात आवाजापासूनच झाली होती. बाबा त्याचं नाव काढत नव्हते, पण आरशासमोर आ करून, टॉर्च मारून बघताना मी त्यांना पाहिलं. जेवताना घास गिळण्याआधी थांबायचे. शेवटी मानसीनेच स्पेशालिस्टची वेळ घेतली.

डॉक्टरबाईंनी नाकातून बारीक कॅमेरा घालून पाहिलं. स्वरयंत्रावर एक पांढुरका ठिपका होता. आवाज हळूहळू बदलत आला असेल तर काही आठवडे थांबून पुन्हा बघू, म्हणाल्या. अचानक बदलला असेल तर मात्र थांबणं बरं नाही. पूर्ण भूल देऊन तिथला तुकडा तपासायला काढावा लागेल. तेव्हा सांगा, हळूहळू की अचानक?

बाबा माझ्याकडे वळले. "तुझ्या फोनमध्ये आहे ना माझा आवाज? लाव, ऐकू दे त्यांना."

मूळ रेकॉर्डिंगही त्याच फोनमध्ये होतं. अल्बमच्या अगदी खाली.

मी अल्बम लावला.

गाणं थोडं वाजलं, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी ते थांबवायला सांगितलं आणि ऑपरेशनची तारीख बघायला घेतली.

आत नेताना बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की नर्सला तो सोडवावा लागला. भर वादळात इंजिन बंद पडल्याच्या गोष्टी हसत सांगणारा माणूस! तेव्हाही बोलता आलं असतं ना? दार बंद होईपर्यंत वेळ होता. मी म्हणालो, "काही होणार नाही, बाबा." रिपोर्ट येईपर्यंत मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. गिटार कुणातरी वाजवणाऱ्याला द्या, असं त्यांनी मानसीला सांगून ठेवलं होतं.

रिपोर्ट स्वच्छ आला. मानसी आनंदाने रडली. मीही रडलो — कशाने, ते तिला कळलं नाही.

पण तुकडा काढला तिथे व्रण राहिला. क्वचित राहतो, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. आता बाबांचा बोलतानाचा आवाजही खरखरतो, गाणं तर दूरच. आधी जो होता — म्हातारा, हलणारा, पण त्यांचा स्वतःचा — तो मी घालवला. मूळ रेकॉर्डिंग पुसायला हात धजत नाही आणि ठेवायची भीती वाटते. त्यांचा खरा आवाज तेवढाच उरलाय.

परवा दुपारी बाबा अल्बम ऐकत बसले होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "बरं झालं हं, जायच्या आधी तू हा आवाज धरून ठेवलास."

मी "हो" म्हणालो.