चुकलेली नव्हे, अडवलेली

एर्मेस तारूल्ली पाच वर्षं माझ्या वर्गात होता. हुशार म्हणता येणार नाही, पण उत्तर येत नसलं की "येत नाही, बाई" असं उभा राहून सांगायचा आणि खाली बसायचा. शेजारच्याच्या वहीत डोकावणं त्याला कधी जमलं नाही. बाकीच्यांना ते जमत असे, आणि त्यांतले बरेच जण पुढे चांगल्या नोकऱ्यांवर लागले. एर्मेस फुटबॉलमध्ये स्ट्रायकर झाला.

अठराव्या वर्षी तो आमच्या रोक्काव्हेर्ना गावाच्या पहिल्या संघात खेळला आणि विसाव्या वर्षी क्लबने त्याला विकला. त्यानंतर सतरा वर्षांत अकरा क्लब झाले. वरच्या श्रेणीत एकच हंगाम, तोही बहुतेक बाकावर बसून. बाकी सगळं तिसऱ्या श्रेणीत. जानेवारीत खेळाडूंचा बाजार बंद व्हायच्या दिवशी संध्याकाळी फोन यायचा, आणि हा दुसऱ्याच्या फर्निचरमधून निघून तिसऱ्याच्या फर्निचरमध्ये राहायला जायचा. त्याची आई योले कपडे शिवते. मुलाचा पत्ता ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची, पण पेन्सिलीने. पेनाने लिहायचं तिने तिसऱ्या क्लबानंतर सोडलं. लग्न झालं, एक मुलगी झाली, आणि सातव्या की आठव्या शहरात बायको म्हणाली, "मी इथेच राहते, तू जा." त्यात भांडणही नव्हतं. तीही थकली होती.

एकशे बारा गोल. मी मोजलेले नाहीत, योलेने मोजलेत. दर रविवारच्या सामन्याला तेच: आदल्या दिवशी सगळ्या संघाने हॉटेलात बंद व्हायचं, संध्याकाळी पत्ते, सकाळी साडेअकराला पांढरा भात, वर तेल आणि किसलेलं चीज. "बाई," तो एकदा मला म्हणाला, "माझ्या आयुष्याचं काय झालं असं कुणी विचारलं, तर मी सांगेन की भात झाला."

आमच्याकडे एक समज आहे, की स्ट्रायकर आपल्या जुन्या क्लबाविरुद्ध गोल मारतोच. एर्मेसला जुने क्लब इतके, की तो जवळजवळ दर पंधरवड्याला कुणाचा तरी जुना असायचा. त्याने एकेक करून सगळ्यांना गोल मारले. जुन्या क्लबासमोर आनंद साजरा करायचा नाही या रिवाजाप्रमाणे त्याने तो एकदाही केला नाही. दोन्ही तळहात वर करून, माफी मागितल्यासारखा, मान खाली घालून परत यायचा. राहिलं होतं फक्त रोक्काव्हेर्ना. श्रेण्या जुळल्या नव्हत्या, म्हणून गाठ पडली नव्हती.

ती पडली गेल्या मे महिन्यात. एर्मेस तेव्हा पोर्तोसाल्वोकडून खेळत होता, वय सदतीस, उजव्या गुडघ्यात दर महिन्याला वेदना मारायची सुई. दोन्ही संघ तळाशी होते, आणि दोघांपैकी कोण खालच्या श्रेणीत जाणार हे दोन सामन्यांवर ठरणार होतं. पहिला बरोबरीत सुटला. दुसरा आमच्या मैदानावर होता, आणि आमचा क्रमांक एकाने वरचा असल्यामुळे आम्हाला बरोबरी पुरणार होती. त्यांना जिंकणं भाग होतं.

आदल्या दिवशी हॉटेलात काय घडलं ते मला एर्मेसनेच नंतर सांगितलं. जेवताना तो प्रशिक्षकाजवळ जाऊन बसला. प्रशिक्षकाला खेळाडू 'मिस्टर' म्हणतात.

"मिस्टर, उद्या मला बाकावर बसवा."

"का? गुडघा?"

"गुडघा रोजचाच आहे. माझी आई तिथे राहते."

"माझीही आई कुठेतरी राहतेच की," मिस्टर चीज किसत म्हणाला. "हे बघ एर्मेस. तुला बसवला तर लोक म्हणतील, मिस्टरला काहीतरी ठाऊक होतं. खेळवला आणि तू गोल मारला नाहीस, तर म्हणतील, तुला ठाऊक होतं. मग आता तूच सांग."

यात अतिशयोक्ती काही नव्हती. मे महिन्यात एखादा संघ हरला, तर तो हरला असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. "समजून घेतलं" म्हणतात, म्हणजे आतून ठरवून हरला, आणि वर हाताने काहीतरी गुंडाळल्याची खूण करतात.

मी सामन्याला गेले होते. योले माझ्या शेजारी होती.

"मास्तरीणबाई, मी प्रार्थना कुणासाठी करू?"

"कुणासाठीच नको करूस. बस गप्प."

ती बसली, पण पर्सचा पट्टा पिळत राहिली. चौऱ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग आमच्या एका पोराने त्यांच्या खेळाडूला पेनल्टीच्या चौकोनात मागून पाडलं. शिट्टी वाजली. चेंडू एर्मेसने उचलला. संघाच्या पेनल्ट्या तोच घ्यायचा.

आमच्या गोलमध्ये लोरिस होता. लोरिस वास्सेल्ली, वय चौतीस, गावात घर बांधून राहिलेला, अबोल माणूस. त्याचं लक्ष उडवायला सगळं मैदान शिट्ट्या मारत होतं. एर्मेसने धाव घेतली, चेंडू खाली, लोरिसच्या डाव्या हाताला मारला. लोरिस तिकडेच झेपावला. चेंडू त्याच्या बोटांना लागला, खांबावर आपटला आणि बाहेर गेला. एर्मेस गवतावर गुडघे टेकून बसला तो उठेचना. योले उठून निघून गेली. आम्ही वाचलो.

जूनमध्ये करार संपला आणि एर्मेस बॅग घेऊन आईकडे आला. दुसरीकडे जायला जागा नव्हती. पोर्तोसाल्वोत त्याच्या घराच्या भिंतीवर रंगाने 'विकला गेलेला' असं लिहिलं होतं. त्याची त्याला कल्पना होती. इथे काय होईल याची नव्हती.

इथे त्याचे आभार मानले गेले.

नाझारेनोच्या बारमध्ये कॉफी मागितली, तर ती आधीच कुणीतरी दिलेली असायची. बेकरीत पावाबरोबर एक गोड वडी जास्त यायची. चर्चच्या सेवकाने रस्त्यात अडवून हात दोन्ही हातांत धरला आणि डोळा मिचकावला. क्लबने वर्षाच्या मेजवानीत त्याला सन्मानाची पाटी द्यायचं ठरवलं. पाटीवर काय लिहावं यावर तीन बैठका झाल्या, कारण खरं कारण लिहिता येत नव्हतं.

आणि मी. लपवून उपयोग नाही. मी जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी घेऊन योलेकडे गेले. एर्मेस खिडकीशी बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. मी बरणी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बरं केलंस हो."

"काय बरं केलं, बाई?"

चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारले, पण असा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"मी गोलसाठीच मारला होता," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "गुडघ्याला दोन सुया घेऊन, सगळा जोर लावून. सतरा वर्षांत माझ्याजवळ एवढंच जमलं होतं, बाई. लोक म्हणायचे, तारूल्ली किरकोळ खेळाडू, पण मारतो तेव्हा गोलसाठीच मारतो. आता तो एक जर मुद्दाम चुकवलेला, तर आधीचे चुकलेले कसले? आणि एकशे बारा आत गेले ते तरी कसले? कुणी गोलकीपर बाजूला झाला असेल, असंच ना?"

"मग सांग ना लोकांना."

"सांगतो ना. रोज सांगतो. ते म्हणतात, हो हो, असंच म्हणायचं असतं."

खरंच होतं ते. पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर मी स्वतः ऐकलं. बार भरला होता. नाझारेनोने गल्ल्याच्या वर एर्मेसचा फोटो लावला होता, अठराव्या वर्षीचा, आमच्या जर्सीतला. एर्मेस आत आला तशी कॉफी पुढे सरकली.

"ही कुणी दिली?"

"गावाने," नाझारेनो म्हणाला. "पी. रक्त शेवटी ओढ घेतंच."

"नाझारेनो, मी तो गोलसाठी मारला होता."

"अर्थात! आणि माझ्या वाईनमध्ये मी पाणी घालत नाही." बार हसला. नाझारेनोने डोळा मिचकावला.

"कुठल्या डोळ्याने मिचकावलास?" मागून आवाज आला. "परत मिचकाव बघू, माझ्याकडे बघून."

लोरिस होता. डाव्या हाताची दोन बोटं अजून पट्टीत, पट्टी मळलेली. तो बारमध्ये सहसा येत नसे. त्याने तो हात कॉफीच्या कपाशेजारी आपटला.

"ही बोटं कशाने मोडली? सांग. याच्या प्रेमाने मोडली?"

"अरे लोरिस, तू मनाला लावून..."

"चौतीस वर्षांचा आहे मी. जन्मात एकदा गाव वाचवलं. एकदाच! आणि तुम्ही ते उचलून याला देऊन टाकलंत, वर कॉफी फुकट. मला कुणी पाजली कॉफी? पाटी कुणाला देताय?"

"पण तू आधीच तिकडे झेपावलास ना," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "म्हणजे तुला ठाऊक होतं."

"होतंच ठाऊक! दोन हंगाम आम्ही एकाच क्लबात होतो. रोज सराव संपला, की हा गाढव मला त्याच कोपऱ्यात मारायचा. इतकी वर्षं खेळला, दुसरा कोपरा याला सापडला नाही. मला ठाऊक असून दहांतले नऊ आत जायचे, एवढा जोर. त्या दिवशी दहावा होता. एवढंच."

एर्मेस म्हणाला, "चांगला हात घातलास."

"मग!" लोरिस त्याच्यावरही खेकसला. "तीन आठवडे झाले, आज म्हणतोयस?"

नाझारेनो कप पुसत होता, तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरत गेलं. वर्गात गणित अचानक समजलेल्या मुलाचा चेहरा मी ओळखते. फक्त नाझारेनोला समजलेलं आवडलं नाही.

"म्हणजे तू खरंच मारलास?"

"खरंच."

"तुझी आई या माडीवर राहते. माझ्या डोक्यावर."

"हो."

"आणि तू आम्हाला खाली पाठवायला निघाला होतास? मला? तुझं नाक पुसलंय मी!"

"तुम्हा सगळ्यांना, नाझारेनो."

नाझारेनोने फोटो काढला आणि पालथा करून कपाटात टाकला. "बेशरम. चालता हो इथून."

"कॉफी संपवू?"

"बाहेर!"

एर्मेस बाहेर पडला. मी त्याच्या मागे गेले, पण लगेच जवळ गेले नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी त्याचा राग आला होता. योलेच्या मुलाने, माझ्या विद्यार्थ्याने, आपल्याच गावाला बुडवण्यासाठी चेंडू एवढ्या जोरात मारावा! हा राग मनात उठला, तेव्हा मला कळलं की आता माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला आहे. मुरंबा दिला त्या दिवशी तो विश्वास नव्हता.

बारमधली बातमी त्याच्या लंगड्या चालीपेक्षा वेगाने चौकात पोचली होती. बेकरीवाली दारात उभी होती, ती आत गेली. सेवकाने तोंड फिरवलं. एर्मेस उजवा पाय ओढत, सावकाश, प्रत्येकाला नाव घेऊन नमस्कार करत चौक ओलांडत गेला. कुणी उत्तर दिलं नाही. बऱ्याच दिवसांनी मी त्याला कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवून चालताना पाहत होते.