दहा पन्नासची घंटा

आधी खोत सरांचं नाव घेतो. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी झालो, तो त्यांच्यामुळे. शाहूवाडीकडच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. ‘आधी मोज, मग बोल,’ हे त्यांचंच. त्यामुळे भूतबित असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता...

सर आता वारणानगरला मुलाकडे, दादांकडे असतात. रोज सकाळी दहा पन्नासला ‘घंटा झाली’ म्हणत पिशवी घेऊन दाराकडे निघतात. घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय. पुढच्या महिन्यात पुण्याला एका केंद्रात ठेवायचं ठरलंय. फोनवर मला म्हणाले, “तू शिकलायस. खरं सांग, मला वेड लागतंय का रे?”

‘बघून सांगतो’ म्हणून मी फोन ठेवला.

निदान शाळेचा व्हिडिओ तरी पाठवू, म्हणून रविवारी मित्र संभाला घेऊन गेलो. ड्रोन मी स्वतः जोडलेला. शाळा बंद पडलेली, मैदानभर गवत. चिंचेखाली जागा मोकळी होती, तिथूनच उडवला. याच फांदीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असायचा आणि शाळा भरायची दहा पन्नासची घंटा सर स्वतः द्यायचे. ड्रोन डोक्याएवढा वर गेला, गरगरला आणि भिंतीवर आपटला.

“लेका, पतंग बरा उडवत हुतास की!” संभा हसून लोळायचा बाकी.

घरी येऊन ड्रोनमधली नोंद लॅपटॉपवर उघडली. बॅटरी ठीक, मोटारी ठीक. बिघडलं होतं फक्त होकायंत्र — जवळ मोठं लोखंड असल्यासारखं. आणि उडवायच्या आधी, ड्रोन जमिनीवर असतानाच आकडे झोके घेत होते... टोल दिल्यावर रूळ हलतो तसे. झोक्यांची सुरुवात, दहा पन्नास.

वाटलं, रूळ अजून पानांत लपलेला असणार. लोखंडाखालून ड्रोन उडवला, चूक माझीच. कारण सापडलं म्हणून बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही परत गेलो. शाळेशेजारच्या आक्का म्हणाल्या, “वर काय बघालाय, पावणं? रूळ व्हय? त्यो भंगारवाल्यानं कवाच नेला की!”

फांदीवर साखळीचा वळ तेवढा होता. खाली दगडावर मोबाईलमधलं होकायंत्र ठेवलं. सुई स्थिर. दहा पन्नासला ती हलायला लागली. मिनिटभर... मग शांत. आवाज काहीच नाही.

“चल हितनं,” संभा म्हणाला. या वेळी हसला नाही.

पुढचे दोन दिवस एकटा गेलो. तेच. कारण मला अजून सापडलेलं नाही. सरांना मात्र पत्र पाठवलं —

आदरणीय सर, सा. न.

तुमच्या प्रश्नाला उशिरा उत्तर देतोय, कारण आधी मोजलं. चिंचेला रूळ नाही. तरी तीन दिवस दहा पन्नासला सुई हलली. मला घंटा ऐकू आली नाही, खोटं लिहिणार नाही. सुई का हलते तेही माहीत नाही. पण तुम्ही जे ऐकता, ते मी मोजलंय. आकडे सोबत आहेत, दादांना दाखवा.

रविवारी नऊला गाडी घेऊन दारात उभा राहतो. दहा पन्नासच्या आत शाळेत पोचू. पिशवी घेऊन या.

तुमचा विद्यार्थी